लाकडी दातांची गोष्ट

मी अमेरिकेत कधी गेलेले नाही. तरी एका वर्षी जानेवारीपासून जूनपर्यंत मी अबूधाबीच्या खलिफा सिटीतल्या एका शाळेत आठवीच्या वर्गाला अमेरिकेचा इतिहास शिकवला. ओळखीच्या लोकांना हे सांगितलं की ते आधी हसतात आणि मग विचारतात, "तुला कोणी दिला तो विषय?" प्रश्न रास्त आहे. त्या वेळी मलाही तो पडला होता.

माझं एम.ए. इतिहासातलंच, पण मराठ्यांच्या इतिहासातलं. बी.एड. सोलापूरला झालं. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले. तो मुसफ्फाच्या औद्योगिक वसाहतीत एका स्टील फॅब्रिकेशनच्या कारखान्यात परचेस बघतो. मुलगी शाळेत जायला लागली तसं मला दिवसभर फ्लॅटमध्ये बसवेना, म्हणून या शाळेच्या लायब्ररीत असिस्टंट म्हणून लागले. शाळा अमेरिकन अभ्यासक्रमाची. पुस्तकं जागेवर लावायची, मुलांना हळू बोला म्हणून सांगायचं आणि कोणी शिक्षक रजेवर असले तर त्यांच्या वर्गावर जाऊन बसायचं, एवढंच माझं काम होतं.

त्या डिसेंबरच्या सुट्टीत इतिहासाच्या अमेरिकन बाई घरी गेल्या आणि वडील आजारी पडले म्हणून परत आल्याच नाहीत. शाळा उघडली त्या दिवशी प्रिन्सिपल मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्या लेबनॉनच्या. माझी फाइल त्यांच्यासमोर उघडी होती.

"तुम्ही हिस्टरी शिकलात," त्या म्हणाल्या.

"हो, पण इंडियन हिस्टरी."

"नवीन टीचर मिळेपर्यंत. दोन-तीन आठवडे, इन्शाल्ला."

ते दोन-तीन आठवडे पुढे सहा महिने झाले.

पहिल्याच तासाला मी अमेरिकेच्या नकाशावर बोट ठेवून एका राज्याचं नाव 'अर्कान्सास' असं वाचलं आणि वर्ग हसला. ते 'आर्कन्सॉ' असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. घरी आल्यावर मुलीपाशी सगळ्या राज्यांची नावं वाचायला बसले. ती तेव्हा अकरा वर्षांची होती, इथेच जन्मलेली. मी मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. "आई, नोबडी सेज इट लाइक दॅट," हे वाक्य मी त्या आठवड्यात पन्नासदा तरी ऐकलं असेल. आपल्याच लेकीसमोर विद्यार्थिनी होऊन बसायचं सोपं नसतं. पण ती मनापासून शिकवत होती आणि मलाही गरज होती.

राज्यघटना, करार, लढाया हे सगळं पाठ्यपुस्तकात होतं. मी आदल्या दिवशी वाचायचे आणि दुसऱ्या दिवशी शिकवायचे. मुलांना ते कळत असावं. बावीस मुलं होती, अनेक देशांची. माझ्यासमोर ती सभ्यपणे बसायची आणि सभ्यपणे कंटाळायची. मग मला एक युक्ती सुचली. शुक्रवारी शाळा अर्धा दिवस असते. शेवटच्या तासाला मुलांचं अर्धं लक्ष गेटबाहेरच्या गाड्यांकडे असतं. त्या तासाची शेवटची दहा मिनिटं मी पुस्तक मिटून एक गोष्ट सांगायची. अमेरिकेच्या इतिहासातली, पण पुस्तकात नसलेली.

पहिल्या शुक्रवारी मी बर्फाची गोष्ट सांगितली. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी बॉस्टनजवळची तळी थंडीत गोठली की माणसं करवतीने त्या बर्फाच्या लाद्या कापायची, लाकडाच्या भुशात गुंडाळून जहाजात भरायची, आणि ते जहाज अर्धं जग ओलांडून कलकत्त्याला आणि मुंबईला यायचं. चार महिने उन्हातून प्रवास करूनही बराचसा बर्फ शिल्लक राहायचा. मुंबईत तो ठेवायला खास इमारत बांधली होती. मुलांना हे खरं वाटेना. अबूधाबीत वाढलेल्या मुलांना उन्हाळ्यातला बर्फ म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. त्या दिवशी घंटा झाली तरी दोन-तीन मुलं भुशाबद्दल विचारत उभी राहिली. मला इतका आनंद झाला की घरी जाताना गाडीत मी नवऱ्याला तीच गोष्ट पुन्हा सांगितली.

दुसऱ्या शुक्रवारी उंट. अमेरिकेच्या लष्कराने एकदा जहाज पाठवून भूमध्य समुद्राकाठच्या देशांतून उंट विकत आणले होते आणि टेक्सासच्या वाळवंटात सामान वाहायला लावले होते. मी गोष्ट संपवताना म्हणाले, की हा प्रयोग फसला, उंट काही त्या देशात रमले नाहीत, म्हणून त्यांना सोडून दिलं.

पुढच्या बाकावर एक इमाराती, म्हणजे इथलीच, मुलगी बसायची. एरवी ती फारसं बोलायची नाही. तिच्या आजोबांनी अल ऐन शहराच्या रस्त्यालगत उंट पाळले आहेत हे मला नंतर कळलं. तिने हात वर केला. "मिस, उंट अनोळखी माणसाचं ऐकत नाही. त्यांच्याबरोबर कोण गेलं होतं?"

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं आणि शोधून ठेवते म्हणाले, पण शोधलं नाही. पुढच्या शुक्रवारच्या गोष्टीची मला घाई झाली होती. एव्हाना मुलं सोमवारपासूनच विचारायला लागली होती, "मिस, या वेळी काय?" असं कोणी आपली वाट बघायला लागलं की माणूस थोडा बेफिकीर होतो. मी रोज इंटरनेटवर 'अमेरिकेबद्दल आश्चर्यकारक गोष्टी' अशा याद्या वाचायला लागले. त्यातलं जे मजेशीर वाटेल ते वहीत उतरवून घ्यायचे.

फेब्रुवारीत मी दातांची गोष्ट सांगितली. अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांचे स्वतःचे दात जवळजवळ सगळे पडले होते आणि ते लाकडी कवळी लावायचे. यादीत एवढंच होतं. बाकीचं मी घातलं. लाकडी दातांनी मक्याचं कणीस कसं खात असतील, भाषण करताना दात कसे कटकट वाजत असतील, याचा मी टेबलापाशी उभी राहून अभिनय केला. वर्ग खो खो हसला. एक मुलगा हसता हसता बाकावरून खाली घसरला.

तिसऱ्या रांगेत एक अमेरिकन मुलगी होती, कृष्णवर्णीय. वर्गात सगळ्यात नीट वही तिची असायची. ती हसली नाही. बाकाकडे बघत बसली. मला ते दिसलं होतं. आज तिला बरं नसेल असं मनाशी म्हणून मी पुढे गेले आणि आणखी थोडे दात वाजवले.

सोमवारी सकाळी रिसेप्शनवरून निरोप आला की एक पालक भेटायला आल्या आहेत. त्या मुलीची आई होती. उंच, शांत बाई. त्यांचे यजमान विमानांच्या देखभालीच्या कामात होते आणि घर शाळेपासून दोन गल्ल्यांवर होतं. हे सगळं नंतर कळलं. त्या वेळी मी फक्त इतकंच पाहिलं की त्यांनी पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. आम्ही लायब्ररीतल्या मागच्या टेबलाशी बसलो.

"शुक्रवारी तुम्ही दातांची गोष्ट सांगितलीत," त्या म्हणाल्या.

"हो."

"ती कुठे वाचलीत?"

मी खरं ते सांगितलं. इंटरनेटवर, एका यादीत.

"ते दात लाकडाचे नव्हते. हस्तिदंताचे होते, पाणघोड्याच्या दाताचे होते, काही जनावरांचे होते. आणि काही माणसांचे." त्यांनी पर्स टेबलावर ठेवली. "त्यांच्या मळ्यावर शेकडो गुलाम होते. गुलामांकडून दात विकत घेतल्याची नोंद त्यांच्याच हिशेबात सापडते. तेच दात त्या कवळीत बसवले का, हे कोणी खात्रीने सांगू शकत नाही. पण नोंद आहे. विकत घेतले म्हटलं तरी, गुलाम माणूस मालकाला 'नाही' कसं म्हणणार?"

 आपल्या तोंडचे शब्द परत घेता आले असते तर, असं पुस्तकात लिहितात ना, तसं मला अगदी शब्दशः वाटलं.

"माझ्या मुलीला हे माहीत होतं," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. ती घरी येऊन म्हणाली, मिस सगळ्यांना हसवत होत्या आणि मला काही बोलता आलं नाही."

"मला ती दिसली होती," मी म्हणाले. "ती हसत नव्हती, हे मला दिसलं होतं."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. हे मी का सांगितलं कोण जाणे. न सांगताही चाललं असतं. पण ते सांगितल्यावर त्यांचा आवाज जरा बदलला.

"मी कंप्लेंट करायला आलेले नाही," त्या उठता उठता म्हणाल्या. "तुम्हाला माहीत नसेल असं वाटलं. माहीत असतं तर तुम्ही ती अशी सांगितली नसती."

त्या दिवशीचे पुढचे तास मी कसे घेतले आठवत नाही. संध्याकाळी नवरा आला तेव्हा मी ओट्यापाशी नुसती उभी होते, कुकरचं झाकण हातात धरून. त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "यात तुझी काय चूक? तू थोडीच बनवलीस ती गोष्ट? या शुक्रवारी दुसरी सांग, खलास. पोरांच्या लक्षातपण राहणार नाही."

"एकीच्या राहील," मी म्हणाले.

 मग त्याने माझ्या हातातलं झाकण घेतलं आणि स्वतःच कुकर लावला.

चार दिवस मी वाचत होते. या वेळी याद्या नाही. ज्यांनी आयुष्यभर त्या काळाचा अभ्यास केला अशा लोकांचं लेखन. त्या बाईंनी सांगितलेला शब्द न् शब्द बरोबर होता. लाकडाची अफवा का पसरली तेही मिळालं. हस्तिदंतावर वापराने डाग पडतात, रेषा उमटतात, आणि तो लाकडासारखा दिसायला लागतो. इतकी साधी गोष्ट. बघणाऱ्याला लाकूड दिसलं, त्याने लाकूड म्हटलं, आणि पुढच्यांनी तेच सांगितलं. मीही त्यांच्यातलीच एक.

प्रिन्सिपल मॅडमना आधी सांगणं भाग होतं. त्यांना वाटलं मी उगाच वाढवते आहे. "पालक समाधानी आहेत ना? मग पुढे चला, यल्ला." मी म्हणाले, मला वर्गात सांगायचंच आहे. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाल्या, "मग साध्या शब्दांत सांगा. रडू नका."

शुक्रवारी मी पुस्तक लवकर मिटलं. मुलं सरसावून बसली. मी म्हणाले, "मागच्या आठवड्यात मी तुम्हाला एक खोटी गोष्ट सांगितली. ती खरी आहे की नाही हे मी तपासलं नव्हतं. ती मजेशीर होती म्हणून सांगितली." आणि मग जे वाचलं होतं ते सांगितलं. हस्तिदंत, जनावरांचे दात, माणसांचे दात, ती नोंद, आणि कोणती गोष्ट नक्की माहीत नाही तेही. रडले नाही. पण शेवटी म्हणाले, "मी त्यावर अभिनय करून दाखवला, त्याबद्दल माफी मागते," तेव्हा मध्येच थांबून मला पाणी प्यावं लागलं.

 तिसऱ्या रांगेकडे बघायचं मी टाळत होते. बाकावरून घसरलेल्या मुलाने खाली मान घातली होती, जणू चूक त्याची होती.

मग इमाराती मुलीने हात वर केला. "मिस, मग उंटांचं तरी खरं होतं का?"

"मला नक्की माहीत नाही," मी म्हणाले.

"आणि बर्फाचं?"

"तेही आपण बघू या."

असं ते सुरू झालं. पुढचे तीन शुक्रवार नवीन गोष्ट नाही. जुन्याच गोष्टी मुलांनी तपासायच्या. प्रत्येक वाक्यासमोर लिहायचं, हे कोणी पाहिलं, कोणी लिहिलं, कधी लिहिलं. बर्फाची गोष्ट टिकली. उंटांच्या गोष्टीत मात्र माझा शेवट साफ चुकीचा निघाला. उंट फसले नव्हते. त्यांनी काम चांगलं केलं होतं, घोडे आणि खेचरं मात्र त्यांना बुजायची. पुढे अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, कोणाला उंटांकडे बघायला वेळ राहिला नाही, त्यांचा लिलाव झाला, काही वाळवंटात सुटले. आणि त्या मुलीच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही मिळालं. उंटांबरोबर अरब, तुर्क आणि ग्रीक माणसं गेली होती. त्यातला एक तिकडेच राहिला, म्हातारा होऊन ॲरिझोनात वारला. त्याचं नाव अमेरिकनांना उच्चारता येईना म्हणून त्यांनी ते मोडून आपल्याला जमेल तसं करून घेतलं होतं. त्याच्या थडग्यावर दगडी पिरॅमिड आहे आणि वर धातूचा उंट. ती मुलगी फोटो बघत बराच वेळ बसली होती. म्हणाली, "आजोबांना दाखवते. ते म्हणाले होते, कोणीतरी नक्की गेलं असणार."

तिसऱ्या शुक्रवारी घंटा झाल्यावर अमेरिकन मुलगी माझ्या टेबलापाशी आली. इतक्या दिवसांत आम्ही अभ्यासापलीकडे बोललो नव्हतो. "माझी मम्मी तिकडे असताना जमिनीच्या जुन्या कागदपत्रांच्या ऑफिसात होती," ती म्हणाली. "तिला एक गोष्ट माहीत आहे. तिला बोलवू का?"

तिच्या आई मार्चमध्ये आल्या. फळ्यावर त्यांनी एका तळ्याचा नकाशा लावला. अमेरिकेच्या दक्षिणेतलं, धरण बांधून तयार केलेलं मोठं तळं. लोक तिथे सुट्टीत बोटी घेऊन जातात, मासे पकडतात, पोहतात. त्या तळ्याच्या तळाशी एक गाव आहे, त्या म्हणाल्या. गुलामगिरी संपल्यावर कृष्णवर्णीय लोकांनी स्वतः वसवलेलं. त्यांचं चर्च होतं, शाळा होती. त्यांची आजी त्या गावात जन्मली. धरण झालं तेव्हा गाव बुडालं. असं एकच नाही, दक्षिणेत अशी बरीच गावं आहेत. "आजी आयुष्यभर त्या तळ्यात पाय घालायची नाही," त्या म्हणाल्या. "आम्ही मुलं हट्ट करायचो. ती काठावर खुर्ची टाकून पाण्याकडे पाठ करून बसायची."

वर्ग सुटल्यावर मी त्यांना थांबवलं. कँटीनमधून करक, म्हणजे इथला दाट दुधाचा कडक चहा आणला आणि आम्ही पुन्हा लायब्ररीतल्या त्याच टेबलाशी बसलो. मी त्यांना सांगितलं की माझ्या वडिलांचं गावही पाण्याखाली आहे. भीमेवर धरण झालं तेव्हा बुडालं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचं शिखर वर दिसतं. त्या कप खाली ठेवून ऐकत होत्या. मी रंगून सांगत गेले. माझ्या आजोबांनी सगळ्यात शेवटी गाव सोडलं. सगळे गेले तरी ते हटले नाहीत. पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा निघाले.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?" त्यांनी विचारलं. त्यात टोचणी नव्हती. कागदपत्रांत आयुष्य गेलेल्या बाईची ती सवय होती.

"आजीने."

"ती तेव्हा तिथे होती?"

 आजी जाऊन वीस वर्षं झाली होती. मी कधी विचारलंच नव्हतं.

त्या शनिवारी मी सोलापूरला वडिलांना फोन लावला. तब्येत, गोळ्या, शेजारी सगळं झाल्यावर विचारलं, "अप्पा, गाव बुडालं तेव्हा शेवटी कोण निघालं? आजोबा ना?"

"कोण म्हणलं तुला?"

"आजी सांगायची."

ते थोडं हसले. "अगं, आपण तर दिवाळीच्या आधीच निघालो. ट्रॅक्टर मिळाला होता. तुझी आजी ट्रॉलीत बसून रडली तेवढी खरी."

"मग शेवटी कोण राहिलं?"

  ते आठवून म्हणाले, "होडीवाला राहिला. गावाच्या खाली, नदीकाठाला एकच घर होतं त्याचं. पाणी चढायला लागलं तसं रस्ते तुटले. लोकांचं राहिलेलं सामान त्यानंच खेपा करकरून काढलं. सगळ्यांचं काढलं."

"आणि तो कुठे गेला?"

"त्याला कुठं जायचं होतं? जमीन नव्हती नावावर. ज्याची जमीन गेली त्याला बदल्यात जमीन मिळाली. त्याची गेलीच नव्हती, तर मिळणार कशी?" आणि पुढे म्हणाले, "आम्ही कोणी विचारलंच नाही बघ त्याला."

माझे वडील चांगले माणूस आहेत. आयुष्यात कोणाला कठोर बोललेले मला आठवत नाहीत. पण ही गोष्ट त्यांनी इतक्या वर्षांत मला सांगितली नव्हती, आणि सांगितली नाही कारण त्यांच्या लेखी ती गोष्टच नव्हती. मी ते अमेरिकन मुलीच्या आईंना पुढच्या भेटीत सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमच्या त्या बुडलेल्या गावातही अशी माणसं असतील. ज्यांचं नाव कागदावर होतं तेवढीच मला सापडली."

जूनमध्ये शाळा संपली. नवीन शिक्षक मिळाले, ऑगस्टपासून येणार होते. प्रिन्सिपल मॅडमनी मला सहावीचा जगाचा इतिहास देऊ केला, मी घेतला. अमेरिकन मुलीच्या वडिलांची बदली झाली आणि ते कुटुंब परत गेलं. जायच्या आधी मुलीने तिची इतिहासाची वही मला दाखवायला आणली. दातांच्या शुक्रवारचं पान तिने कोरं सोडलं होतं, आणि त्यापुढच्या शुक्रवारचं दोन्ही बाजूंनी भरलेलं होतं.  मी तिला चांगलं शिक म्हणाले, ती हो म्हणाली.

जुलैच्या सुरुवातीला मी मुलीला घेऊन सोलापूरला गेले. वडिलांनी चौकशी करून ठेवली होती. होडीवाला कधीच वारला होता. त्याची मुलगी, आता सत्तरीतली, धरणाच्या काठी हायवेवर माशांची खानावळ चालवत होती. सून स्वयंपाकघरात होती, त्या गल्ल्यावर. वडिलांनी आपली ओळख सांगितली. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं.

"पाटलांच्या वाड्याशेजारचे का?"

"हो."

"तुमचं जातं माझ्या बापानं शेवटच्या खेपेला आणलं. होडी कलंडायला आली होती. आय म्हणत होती, टाका पाण्यात. बापानं नाही टाकलं."

ते जातं अजून आमच्या घरी आहे. परसात पालथं पडलेलं. कोणी आणलं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. वडिलांनाही ठाऊक नसावं, कारण ते एकदम खाली बसले, बाहेरच्या बाकावर.

आम्ही जेवलो. नंतर त्या आम्हाला मागच्या अंगणात घेऊन गेल्या. तिथून पाणी दिसत होतं, लांबवर पसरलेलं, आणि देवळाच्या शिखराचा काळा ठिपका. माझ्या मुलीने विचारलं, "व्हेअर वॉज युअर हाऊस?" मी मराठीत सांगितलं. त्या हाताने दाखवायला लागल्या. देवळाच्या डावीकडे आमचं घर, त्याखाली त्यांचं. वडील म्हणाले, नाही, तुमचं घर उजवीकडे होतं, चिंचेजवळ. त्या म्हणाल्या, चिंच होतीच कुठे तिथं? वडील म्हणाले, मी त्या चिंचेवर चढलोय. त्या म्हणाल्या, मी तिथं जन्मले.

दोघंही हटेनात. पाण्याकडे बोट करून बराच वेळ बोलत राहिले, एकदा तर दोघं एकाच वेळी. मी मुलीकडून तिची चित्रांची वही मागून घेतली. एका पानावर त्यांनी सांगितलं तसं गाव काढलं, दुसऱ्या पानावर वडिलांनी सांगितलं तसं. होडीवाल्याचं घर दोन्ही पानांवर वेगळ्या ठिकाणी आलं. मी खाली कोणाचं सांगणं कोणतं ते लिहिलं, आणि त्या दिवसाची तारीख.